तलावातली बिछायत

लग्नाला गेलो की मी अजूनही आधी खांब शोधतो. खांबाजवळची आणि शक्यतो मागच्या रांगेतली खुर्ची. बायको म्हणते, पुढे चला, मुलीकडचे बघताहेत. मी म्हणतो, माणूस जिथं आपणहून बसतो तिथंच त्याला बसू द्यावं. हे वाक्य माझं नाही. माझ्या डोक्यात चांगलं म्हणावं असं जे काही आहे ते बहुतेक उसनंच आहे, आणि त्यातलं बरंचसं सडक अर्जुनीजवळच्या एका गावातल्या माझ्या घरमालकांकडून आलेलं आहे.

घरमालकांचं बिछायत केंद्र होतं. आमच्या नगरकडे ज्याला मंडपवाला म्हणतात त्याला तिकडे बिछायतवाला म्हणतात. खुर्च्या, सतरंज्या, कनाती, लोखंडी पाइप, नवरा-नवरीचा महाराजा सोफा, सगळं त्यांच्या गोदामात रचलेलं असे आणि त्या गोदामाच्या डोक्यावर माझी खोली होती. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला रुजू झालो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, हे आता कुठले, कोण, मटण-मासळी चालते का, असं काहीतरी विचारतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "सर, तुमी लग्नात कुठी बसता?"

"मागे," मी म्हणालो.

"मंग रूम तुमची," ते म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची लग्नं मांडवाच्या मागे उभं राहून पाहिली होती. हिंदूंची पाहिली, बौद्धांची पाहिली, गोंडांची पाहिली. कनातीचा रंग बदलतो, मंत्र बदलतात, वंदना होते, पण माणूस कुठे बसतो ते बदलत नाही, असं त्यांचं मत होतं. पुढच्या रांगा रिकाम्या राहतात आणि मागे खांबापाशी गर्दी होते. "खांब नसला त मानूस टेकंल कुठी?" ते विचारत. मोकळ्या पटांगणात कितीही खुर्च्या टाका, लोक भिंतीकडेच सरकतात. फक्त दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे तिकडच्या जत्रेत, नाटक असलं की माणूस धावत पुढे जाऊन बसतो. म्हणून त्यांनी माणसांच्या दोन जाती पाडल्या होत्या, लग्नाची माणसं आणि नाटकाची माणसं. मला त्यांनी लग्नाच्या माणसात टाकलं होतं आणि ती मी बढतीच समजत होतो.

त्यांचा दुसरा एक नियम होता. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत एकही खुर्ची उचलायची नाही. दुसरे बिछायतवाले म्हातारं माणूस पंगतीत शेवटचा भात कालवत असतानाच त्याच्या बुडाखालची सतरंजी ओढायला लागतात. घरमालक मात्र दुसऱ्या गावचं काम खोळंबलं तरी, तो एक म्हातारा हात धुऊन उठेपर्यंत मेटॅडोरला टेकून उभे राहत. यामुळे त्यांचा धंदा फारसा वाढला नाही, असं काकू, म्हणजे त्यांची बायको, मला जिन्यात गाठून सांगत असे.

आता माझ्याबद्दल. मी दुष्काळी भागातला माणूस, टँकरच्या पाण्यावर वाढलेला. इथे येऊन पाहतो तर गावामागे मालगुजारांच्या काळातला भला मोठा तलाव, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची म्हैस बकरीएवढी दिसते. माणसाला एकदम एवढं पाणी दाखवू नये. मी मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ बघायला लागलो आणि शेवटी पार्सलने एक घडीचा रॉड मागवला, सोबत मरळ पकडायचे रबरी बेडूक. हिरवे, पिवळे, एक जांभळासुद्धा. जांभळा बेडूक बघून मरळ काय विचार करील हा प्रश्न मला पडला नाही. पाण्यात बेडूक फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा. काही लागत नसे. गावात माझं नाव बेडूक सर पडलं आणि नववीच्या वर्गात मी फळ्याकडे वळलो की मागच्या बाकावरून डराव असा आवाज येई.

मला काही लागत नव्हतं, कारण तलावात मरळ उरलीच नव्हती. हे मला डोमाजींनी सांगितलं. डोमाजी ढिवर, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आणि घरमालकांचे लहानपणापासूनचे मित्र. रोज सकाळी हायवेच्या टपरीवर दोघांचा चहा ठरलेला. काही उन्हाळ्यांपूर्वी तलावात मशिनी लावून गाळ काढला होता. काढला ते बरंच झालं, पण गाळाबरोबर जुनी खुंटं, कमळाची बेटं, काठचं देवधान नावाचं रानभाताचं गवत, सगळंच खरवडून गेलं आणि तळ शाळेच्या मैदानासारखा सपाट झाला. मरळीला दडायला जागा राहिली नाही.

"आता रोहू-कतल्याची पिल्लं आनून सोडा, अना तेच मोठी करून काढा," डोमाजी म्हणाले. "हे का मासेमारी होय? हे त कोंबड्या पारनं होय. पोरगा नागपूरले बलावून राहिला. पुढचा मिरीग लागाच्या आधी जातो म्हनतो."

घरमालकांनी डोमाजींच्या कपातली साय बोटाने काढून फेकली, कारण डोमाजींना साय आवडत नसे, आणि कप त्यांच्याकडे सरकवला.

त्याच संध्याकाळी मी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. पुढे जे जे झालं त्याला कोण जबाबदार असं कुणी विचारलं तर हे वाक्य वाचून दाखवावं. परदेशातले कुठले तरी लोक जाकिटं घालून होडीत बसलेत आणि वाळलेल्या झाडांना सिमेंटचे ठोकळे बांधून ती तळ्यात सोडताहेत. पाण्याखाली आडोसा झाला की बास नावाचा मासा तिथे येऊन राहतो, असं त्यात होतं. "बास म्हणजे आपली मरळच समजा," मी मास्तरकीच्या भरात ठोकून दिलं. घरमालकांनी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा पाहिला. मग पुन्हा.

"ह्याईनं झाडं फेकली," ते म्हणाले. "मांडव नाई टाकला. गर्दी जमवाची हाय अना बसाची सोय नाई. सर, हा त आपला धंदा होय."

मोबाइल माझ्या हातात देत ते म्हणाले, "मरळ वापस आली त डोमा कुठी जाते?" आणि उठून आत गेले. मला वाटलं विषय मासे आहे. विषय मासे नव्हताच, हे मला नेहमीप्रमाणे उशिरा कळलं.

भंगारात निघालेल्या खुर्च्या मेटॅडोरमध्ये भरून आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेल्या. डोमाजींनी डोंगा दिला नाही. "जाळं फाटंल," ते म्हणाले. "माह्या तलावात तुह्या खुर्च्या नोको." घरमालकांनी शेजारच्या गावाहून डोंगा आणला आणि जागा निवडली ती तुडुमाजवळची, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी. तिथे पाणी सगळ्यात खोल, आणि सोसायटीचं जाळं त्या कोपऱ्यात ओढत नाहीत. आम्ही दोघांनी डोंग्यातून खुर्च्या पाण्यात सोडल्या. त्या बुडाल्या नाहीत.

"सर, खुर्च्या बुडून नाई राहिल्या," घरमालक म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो. "पाणी भिनू द्या."

प्लास्टिकमध्ये. त्याच आठवड्यात मी नववीला तरंगण्याचा नियम शिकवला होता, आकृतीसकट. वाऱ्याने खुर्च्या रांगेने पलीकडच्या घाटाकडे निघाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाने घरमालकांच्या बिछायत केंद्राचं नाव लिहिलेलं होतं, कारण लग्नात खुर्च्या चोरीला जातात. घाटावर बाया कपडे धूत होत्या. एकीने हात लांब करून एक खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर बसली आणि धुणं पुढे चालू केलं. घरमालकांना त्याचंच कौतुक. "पाहा," ते म्हणाले, "सोय असली की मानूस बसते." काकूचं मत वेगळं होतं. "दोघाईचं मिरून एक डोस्कं असतं तरी भागलं असतं," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला प्रत्येक खुर्चीला दगड बांधला. शिवाय लोखंडी पाइपांच्या खांबांचा सांगाडा, बांबूचे भारे, पळसाच्या फांद्या, आणि स्प्रिंगा बाहेर आलेला महाराजा सोफा. घरमालक डोंग्यात उभे राहून लग्नाच्याच आवाजात सूचना देत होते. इकडे दोन लाइनी टाका, मधात रस्ता सोडा, सोफा समोर घ्या.

"बायांची बाजू कोनती ठेवाची?" त्यांनी मला विचारलं.

"माशांत तसं नसतं, काकाजी," मी म्हणालो.

"तुमी गेलते का पाहाले?" ते म्हणाले. मी गेलो नव्हतो, त्यामुळे बायांची बाजू ठेवली गेली.

आणि मग चमत्कार झाला. महिना-दीड महिना गेला असेल. मी तुडुमाजवळून बेडूक फेकला, ओढला, आणि काहीतरी लागलं. असं लागलं की रॉड धनुष्यासारखा वाकला. मी ओढतोय, ते हलत नाही. मी पाय रोवले, चप्पल तुटली, आणि फट्कन दोर तुटून मी पाळीवर उताणा पडलो. घरमालक धावत आले.

"गेली?"

"गेली, काकाजी. पण काय ताकद होती. हललीच नाही."

हे शब्द मी माझ्या तोंडाने बोललो. जिवंत मासा जागचा हलत कसा नाही, असं नववीच्या पोरानं विचारलं असतं. मी विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे मला ते सुचलं नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी माझ्या गळाला मोठी मरळ लागायची आणि दोर तोडून जायची. मी जाड दोर मागवला, ती तोही तोडायची. बेडूक संपत, मी नवे मागवी. एवढी पार्सलं बघून कुरिअरवाला मला औषधं मागवणारा डॉक्टर समजायला लागला. इकडे घरमालक टपरीवर डोमाजींना ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्या गावाला सांगत, "सरले काल आखीन एक लागली. निसटली. पन हाय. मांडव भरून राहिला."

डोमाजी चहा पीत आणि तलावाकडे बघत. एकदा मात्र मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "सर, खरंच लागते का जी?" त्यांच्या डोळ्यांत जी आशा होती ती बघून मी छाती ठोकून सांगितलं, लागते. मी खोटं बोललो नाही. मी फक्त मूर्ख होतो.

धानाची कापणी आटोपल्यावर सोसायटीने मोठं जाळं ओढलं. सगळे ढिवर मच्छीमार कंबरभर पाण्यात, दोन्हीकडून दोर धरून. मध्येच जाळं अडलं. त्यांनी ओढलं, आणि ते उभं फाटलं. परतीच्या पावसाच्या लोंढ्यात तुडुमाजवळची एक खुर्ची सरकत सरकत मधोमध आली होती. गोळा झालेले रोहू त्या भगदाडातून निघून गेले. डोमाजींनी पाण्यात बुडी मारून खुर्ची वर काढली, तशीच ओली, दगडासकट खांद्यावर घेतली आणि भर दुपारी टपरीवर घरमालकांसमोर आणून ठेवली. पाठीवरचं नाव नीट वाचता येत होतं.

"तुही खुर्ची," ते म्हणाले, आणि गेले.

त्या दिवसापासून डोमाजी चहाला येईनात. घरमालकांनी नवं जाळं देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. दोन गल्ल्या सोडून राहणारी दोन म्हातारी माणसं, एक रस्त्याच्या या बाजूने जायचा तर दुसरा त्या बाजूने. घरमालक मात्र रोज टपरीवर बसत, सवयीने दोन कप सांगत, दुसऱ्यातली साय बोटाने काढून टाकत आणि थोडं थांबून दोन्ही पीत. मला ते बघवत नसे. त्यांना धीर द्यावा म्हणून मी काय करत होतो? तलावावर जाऊन अजून बेडूक गमावत होतो.

"सर, आज?" ते संध्याकाळी जिन्याखालून विचारत.

"लागली होती, काकाजी. मोठी."

"मंग बरं हाय," ते म्हणत.

उन्हाळी धानासाठी तुडूम उघडलं आणि तलाव उतरायला लागला. आधी एका पाइपाचं टोक वर आलं, त्यावर खंड्या येऊन बसू लागला. मग सांगाडा दिसला, मग सोफ्याची पाठ. मे महिन्यातल्या एका सकाळी सगळा मांडव चिखलात उघडा पडला आणि अख्खं गाव बघायला लोटलं. दोन लाइनी, मधात रस्ता, समोर महाराजा सोफा. एवढी गर्दी त्या बिछायतीला कुठल्या लग्नात मिळाली नव्हती. डोमाजीही आले होते. त्यांची बॅग भरून झाली होती, त्याच आठवड्यात ते नागपूरला निघणार होते.

आणि खुर्च्यांवर माझे बेडूक होते. हातांना, पाठींना, पायांना. हिरवे, पिवळे, आणि सोफ्याच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला तो जांभळा. मांडव सजवल्यासारखा दिसत होता. गर्दीत एकेकाला उलगडा होत गेला. माझे विद्यार्थी समोरच उभे होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण तिथे नुसता चिखल होता आणि मी त्यात घोट्यापर्यंतच जात होतो.

घरमालक एकेका खुर्चीपाशी गेले. एक बेडूक हातात घेऊन पाहिला, सोडला, दुसरा पाहिला. त्यांचा चेहरा पडत चालला होता. ज्या मरळींच्या भरवशावर ते इतके महिने मान वर करून फिरले, मित्राची नाराजी सोसली, त्या मरळी मी मोजून दाखवल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. ते चिडले असते तर फार बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून डोमाजींचा आवाज आला. कित्येक महिन्यांत ते घरमालकांशी पहिल्यांदाच बोलत होते.

"शेठ, सरची मरळ चार पायाची होती."

घरमालकांनी वळून पाहिलं. मग ते हसायला लागले. डोमाजी हसायला लागले. दोघेही गुडघ्यांवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मी उभा राहून त्यांना हसू दिलं. त्या मांडवाला मी दिलेला हा एकमेव उपयोगी आहेर.

हसू ओसरल्यावर डोमाजींनी सवयीने डोळे पुसत पाण्याकडे पाहिलं. तुडुमाच्या तोंडाशी, मांडवाच्या मागच्या टोकाला, एक डबकं शिल्लक होतं. ते धोतर खोचून त्यात उतरले आणि वाकून चिखलात हात घालून चाचपू लागले. डबक्याच्या पुढच्या काठाशी एका खुर्चीखाली हात फिरवला. "इथी कोनी नाई," ते म्हणाले. मग हळूहळू मागे सरकले आणि एकाएकी थांबले. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि ते हलेनात.

"का हाय रे?" घरमालकांनी विचारलं.

"बसून हायत," डोमाजी हळू आवाजात म्हणाले.

"कोन?"

"मरळी. मोठ्या हायत, शेठ."

"कुठी?"

"मांगं," डोमाजी म्हणाले. "खांबापाशी."

घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, जशी काही ती माहिती मीच पुरवली होती. तोवर गर्दीतले चार जण टोपल्या घेऊन पुढे झाले होते. एवढ्याशा पाण्यात मरळ म्हणजे हाताने उचलायची गोष्ट. घरमालक आडवे आले. मी त्यांचा तो आवाज लग्नांतून अनेकदा ऐकला होता, पोरांनी खुर्च्या लवकर आवरायला घेतल्या की निघायचा तो.

"कोनी हात नाई लावाचा. पाहुने उठले नाईत अजून."

टोपलीवाल्यांनी डोमाजींकडे पाहिलं. तलाव सोसायटीचा, शब्द त्यांचा. डोमाजींनी पाण्यातून हात काढले, पळसाची एक मोठी फांदी ओढून डबक्यावर सावली केली, आणि मागच्या रांगेतली एक खुर्ची चिखलातून उपटून, पंच्याने पुसून, खांबाजवळ रोवली. तिच्यावर बसले.

"कोनी त बसा लागंल राखन," ते म्हणाले. "पानी येवापर्यंत."

"अना नागपूर?" घरमालकांनी विचारलं.

"एवढे पाहुने टाकून कसा जाऊ?" डोमाजी म्हणाले. "सांगून दे पोराले."

घरमालकांनी शेजारची खुर्ची उपटली. लोक पांगले. मी एकटा मांडवभर फिरून बेडूक सोडवत राहिलो आणि माझे विद्यार्थी मला उरलेले कुठे आहेत ते पाळीवरून ओरडून दाखवत राहिले. थोड्या वेळाने टपरीवाला चिखल तुडवत दोन कप चहा घेऊन आला. घरमालकांनी एकातली साय बोटाने काढून फेकली आणि तो कप शेजारी दिला. स्वतः एकच प्यायले.